आठव्या फेरीची घंटा

"दुसानेभाऊ, दोन ओळी लिहून द्या," सुपडू म्हणाला. "जास्त नको. जे झालं तेवढंच."

एप्रिलातली दुपार होती, आणि तीही भुसावळची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानाच्या दारावर मी ओला पडदा सोडला होता आणि एका रेल्वे गार्डाचं घड्याळ उघडून बसलो होतो. डोळ्यावरचं भिंग काढून वर पाहिलं, तर काउंटरपलीकडे सुपडू सुरवाडे उभा. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हा माणूस पश्चिम भारताचा व्यावसायिक लाइटवेट चॅम्पियन होता. एक-दोन नव्हे, तब्बल नऊ वर्षं. मग सोलापुरात एका चोवीस वर्षांच्या पोरानं त्याला गुणांवर हरवलं आणि पट्टा गेला. डाव्या डोळ्याखालची सूज अजून पुरती उतरली नव्हती.

"बस की," मी म्हटलं. "पाणी घे आधी."

माठातलं पाणी त्यानं घेतलं, पण बसला नाही. माझ्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ आहे, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. जरा वेळ डोळे मिटले, उघडले, काट्याकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे वळला. त्याची जुनी सवय. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"कुणाला हवंय लिहून?"

"जिमखान्याच्या कमिटीला. बॉक्सिंगचा कोच नेमताहेत. मी अर्ज केला."

"मग तुझ्याशिवाय दुसरा आहेच कोण इथं?"

"मलाही तसंच वाटलं होतं." तो हसला. समोरचे दोन दात नव्हते. "सेक्रेटरी म्हणतो, सुरवाडे, तुमचा पट्टाच मुळात घंटेनं मिळालेला. अशा माणसाच्या हाताखाली पोरं काय शिकणार? टाइमकीपर अजून गावातच आहे ना, त्याचं लेखी आणा, मग बघू. म्हणून आलो, भाऊ."

टाइमकीपर म्हणजे मी. वसंत दुसाने, घड्याळजी.

सुपडूला ती नोकरी किती हवी होती, हे मला ठाऊक होतं. तो इंजिनावर फायरमन होता. डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं तसं रेल्वेच्या डॉक्टरनं त्याला इंजिनावरून उतरवलं आणि शेडच्या फाटकावर बिल्ले वाटायला बसवलं. सकाळी कामगार आत जाताना बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. येणारे-जाणारे त्याला "काय चॅम्पियन, घंटा झाली का?" असं विचारायचे, आणि तोही मान हलवायचा. त्यातून सुटायची ही एकच वाट होती.

"भाऊ, मला बाकी काही येत नाही," तो म्हणाला. "हे एक येतं. ते पोरांना देऊन टाकलं म्हणजे सुटलो."

मी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि तसाच बसून राहिलो.

ही घंटेची भानगड काय होती, ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. साल चौसष्ट, जानेवारीतला रविवार, दुपारी चारची वेळ. आमच्या जंक्शन जिमखान्याचा हॉल गच्च भरलेला, लोक खिडक्यांच्या गजांना लटकलेले. पट्टा होता डग्लस पेरेराकडे. ड्रायव्हरचा मुलगा, गोरा, देखणा, रिंगमध्ये नाचल्यासारखा फिरायचा. सगळा हॉल त्याचा. आमचा सुपडू बुटका, काळा, खांदे आडवे. त्याच्या बाजूनं ओरडणारे म्हणजे शेडमधले पंधरा-वीस खलाशी, तेही मागच्या भिंतीला टेकून उभे.

रिंगला लागून एक टेबल, टेबलावर पितळी घंटा, हातात स्टॉपवॉच घेऊन मी. मुंबईच्या बॉक्सिंग मंडळानं मला टाइमकीपर नेमलं, कारण आमच्या विभागातल्या गार्ड-ड्रायव्हरांची घड्याळं माझ्याकडे दुरुस्तीला यायची. दुसानेचं घड्याळ चुकत नाही, असं रेल्वेचे डी.एस. साहेबसुद्धा म्हणायचे. मला त्याची भारी घमेंड होती, आता खोटं कशाला बोलू.

सामना बारा फेऱ्यांचा, फेरी तीन मिनिटांची. सात फेऱ्या बरोबरीच्या झाल्या. आठवीत सुपडूनं पेरेराला दोरांवर दाबलं आणि हॉल चिडीचूप झाला. फेरी संपत आली असेल, सुपडूनं हात खाली केले. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटल्यावर थांबावं तसा सरळ उभा राहिला आणि आपल्या कोपऱ्याकडे वळायला लागला. पेरेरानं उजव्या हाताचा असा ठोसा मारला की सुपडू उभाच्या उभा पालथा झाला. पंच मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. पाच म्हणायच्या आत मी घंटा मारली.

घंटा झाली की मोजणी थांबते, नियमच तो. खलाशांनी सुपडूला उचलून स्टुलावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं. एक मिनिटानं तो उठला आणि राहिलेल्या चारही फेऱ्या त्यानं जिंकल्या. पेरेराला शेवटी उभं राहवत नव्हतं. तिन्ही पंचांनी गुण सुपडूला दिले.

पण दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? घंटेनं वाचलेला चॅम्पियन. पेरेराच्या माणसांनी तर सरळ म्हटलं की टाइमकीपरनं घाई केली, गावच्या माणसाला वाचवलं. मंडळाचा माणूस मुंबईहून चौकशीला आला. मी त्याच्यापुढे स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, हे घड्याळ चोख आहे, कुठेही तपासून घ्या." त्यानं तपासलं. चोखच होतं. पट्टा सुपडूकडे राहिला आणि माझं नाव माझ्याकडे.

पुढच्या नऊ वर्षांत सुपडूनं अकरा वेळा पट्टा राखला. नागपूर, जबलपूर, मुंबई, बडोदा, चार वेळा खुद्द भुसावळात. अकरा सामन्यांत एकदाही खाली पडला नाही. असा माणूस दुसऱ्या कुठल्या गावात असता तर त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. आमच्याकडे लोक त्याला कंटाळले. म्हणायचे, हा लढत कुठं, नुसता हात वर धरून बसतो. घंटा झाल्यावरसुद्धा त्याचे हात खाली येत नसत. समोरच्यावर नजर ठेवून, ग्लोव्ह हनुवटीशी धरून, तो उलट पावलांनी आपल्या कोपऱ्यात जायचा आणि स्टूल पोटरीला लागलं की मगच बसायचा. त्याचं ते उलटं चालणं पाहून हॉल खदाखदा हसायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या. भुसावळच्या चारही सामन्यांना घंटेशी मीच होतो. मी हसायचो नाही, पण मान खाली घालून वहीत काहीबाही लिहायचो.

"लिहिताय ना भाऊ?" सुपडूनं विचारलं.

आता तुम्हाला खरं सांगतो, जे मी मंडळाच्या माणसाला सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी सगळ्या घड्याळांना किल्ली द्यायची, हा माझ्या वडिलांपासूनचा शिरस्ता. दुरुस्तीची, विक्रीची, भिंतीवरची, खिशातलं, आणि शेवटी स्टॉपवॉच. हातच त्या क्रमानं चालायचे, डोकं लागायचंच नाही. पण सामना रविवारी होता आणि रविवारी दुकान बंद. घरून जेवून मी थेट जिमखान्यात गेलो. स्टॉपवॉच शनिवारच्या किल्लीवर चालत होतं, आणि त्याच्या पोटात होतं नव्हतं ते सात फेऱ्यांत संपलं.

आठव्या फेरीत मी काट्याकडे पाहिलं तेव्हा दोन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. वर रिंगमध्ये सुपडूनं पेरेराला दाबलं होतं. जरा वेळानं परत खाली पाहिलं, तरी दोन चाळीस. एवढी रंगात आलेली झुंज, वाटलं, वेळ जात नाहीय. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही दोन चाळीसच. घड्याळ मेलं होतं. मी किल्ली पिळली, घड्याळ हलवलं, हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर त्याला सेकंदाचा काटाच नव्हता. एवढ्यात धप्प आवाज झाला आणि सुपडू पडला. मग मी घंटा मारली. भानावर येऊन नाही, घाबरून.

म्हणजे घंटा लवकर नव्हती, उशिरा होती. फेरी आधीच संपली होती. तो ठोसा बसायलाच नको होता. घंटेनं सुपडूला वाचवलं नव्हतं, पाडलं होतं. आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. किल्ली द्यायला विसरलेल्या घड्याळजीकडे रेल्वेची घड्याळं कोण ठेवील? पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं, आणि महिन्यानं तर मला माझंच खरं वाटायला लागलं. आणखी एक बोलतो, कारण तेही खरं आहे. तिथं सुपडूच्या जागी पेरेरा पडला असता तर मी गप्प बसू शकलो नसतो. अख्ख्या हॉलनं मला धरून विचारलं असतं. सुपडूच्या बाजूनं विचारणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याचा आधार वाटला.

तर मी टाक टेकवला आणि लिहिलं: "दिनांक १९ जानेवारी १९६४ रोजीच्या सामन्यात आठव्या फेरीची घंटा नियमाप्रमाणे वाजली. व. ग. दुसाने, टाइमकीपर." खाली दुकानाचा शिक्का मारला. मला वाटलं, हे त्याच्या कामाचं आहे. त्याचं काम होईल, माझंही झाकलेलं राहील. मनात जरा बरंही वाटलं, बघा, इतका मी निर्लज्ज.

सुपडूनं कागद घेतला आणि उजव्या डोळ्याजवळ धरून वाचला. तो सावकाश वाचायचा, एकेक अक्षर लावून.

"नियमाप्रमाणे," तो म्हणाला.

"हो. सेक्रेटरीला तेवढं पुरे."

"सेक्रेटरीचं नाही विचारत, भाऊ." त्यानं कागद काउंटरवर ठेवला. "त्या दिवशी मी हात खाली का केले? नऊ वर्षं झाली. पेपरवाल्यांनी लिहिलं, येड्यासारखे हात सोडले. कमिटी म्हणते, घमेंड आली होती. माझी बायको म्हणते, चक्कर आली असेल. पण का केले, हे मला कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा."

भिंतीवरचं घड्याळ ठक ठक करत होतं. मी गार्डाच्या घड्याळाचं झाकण उचललं, लावलं, परत उचललं.

"आता जुनं कशाला उकरायचं, सुपडू?" मी म्हटलं. "तुझं काम होण्याशी मतलब. घेऊन जा कागद."

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. चिडला असता तर बरं झालं असतं. माझी गचांडी धरली असती तरी मी आज त्याचे उपकार मानले असते.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या दुकानाचा शिक्का आहे त्यावर, उगाच कशाला."

कागद तिथंच ठेवून त्यानं पडदा बाजूला केला. नऊ वर्षं मी त्याला उलट्या पावलांनी जाताना पाहिलं होतं. माझ्या दुकानातून मात्र तो सरळ पाठ फिरवून गेला.

मी त्याला का विचारलं नाही? कारण मला उत्तर माहीत होतं. त्या सामन्याच्या आधीचे चार महिने, ड्यूटी सुटली की सुपडू कोळशानं माखलेला तसाच माझ्या दुकानात यायचा. दमाचा हिशोब बसत नाही म्हणायचा, फेरी किती उरली ते कळत नाही, शेवटच्या दहा सेकंदांसाठी ताकद राखता येत नाही. मीच म्हटलं, ये, तुला सेकंद शिकवतो. त्याला त्या लंबकाच्या घड्याळासमोर उभं करायचो, डोळे मिटायला लावायचो आणि मनात एकशे ऐंशीपर्यंत मोजायला सांगायचो. झाले की हात खाली कर. सुरुवातीला वीस-वीस सेकंद चुकायचा. मग दहा, मग पाच. मी मध्येच गप्पा मारायचो, डबा वाजवायचो, एकदा तर तोंडावर पाणी मारलं, तरी याचं आत मोजणं चालूच. दिवाळीनंतर तो चुकेनासा झाला. इकडे सेकंदाचा काटा बारावर यायचा आणि तिकडे त्याचे हात खाली. मी गिऱ्हाइकांना बोलावून तो चमत्कार दाखवायचो. म्हणायचो, याच्या पोटात मी घड्याळ बसवलंय.

ते घड्याळ त्या दिवशीही चुकलं नव्हतं. त्याचे एकशे ऐंशी झाले आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यानं हात खाली केले. त्यानंतर मात्र कुठल्याही घंटेवर त्यानं विश्वास ठेवला नाही. लोक ज्याला कंटाळले, ज्याला हसले, ते वर धरलेले हात आणि ते उलटं चालणं मीच त्याला शिकवलेलं होतं.

कोच म्हणून जळगावहून दुसरा कुणी आणला. सुपडूनं निवृत्त होईपर्यंत बिल्ले वाटले. माझं दुकान जोरात चाललं. रस्त्यात भेटलो तर तो "राम राम भाऊ" म्हणायचा आणि मीही म्हणायचो. दुकानाची पायरी तो पुन्हा चढला नाही. तो कागद मी फाडला नाही, गल्ल्याखालच्या खणात ठेवला. रोज सकाळी किल्ल्या द्यायला खण उघडला की हाताला लागायचा.

गेल्या पौषात सुपडू गेला. जिमखान्यानं शोकसभा ठेवली. त्याच हॉलमध्ये तीस खुर्च्या मांडलेल्या, अकरा माणसं आलेली. नवे सेक्रेटरी बोलले, "कैलासवासी सुरवाडे यांना नशिबाची उत्तम साथ लाभली." पुढच्या रांगेत सुपडूची बायको लीलाबाई बसली होती, मांडीवर पट्टा घेऊन. पट्ट्याची मखमल उडालेली, पितळ मात्र लख्ख घासलेलं.

मी उठलो. माझं वय आता एकोणऐंशी, गुडघे वाजतात, खुर्ची धरूनच उभं राहावं लागतं. म्हटलं, "नशिबाचं नाव घेऊ नका. त्या दिवशी घड्याळाला किल्ली द्यायला मी विसरलो होतो. घंटा उशिरा झाली. सुपडूनं हात खाली केले तेव्हा फेरी संपलेली होती. तो बरोबर होता. चूक माझी होती आणि मी ती सत्तेचाळीस वर्षं त्याच्या नावावर राहू दिली. या गावात त्याच्याएवढा मोठा चॅम्पियन झाला नाही." आणखी पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो, पण तेवढंच बोलून खाली बसलो.

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. "असू द्या काका," ते म्हणाले, "जुन्या गोष्टी आहेत. आता काय फरक पडतो?" मग दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो आणि सभा संपली.

लोक पांगले. मी त्या जुन्या कागदाची घडी खिशात चाचपत लीलाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं मनापासून वाटत होतं. त्यांनी पदरानं पट्ट्याचं पितळ पुसलं.

"किती उशीर झाला होता, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"पाच सेकंद," मी म्हटलं. इतकी वर्षं मी मनाशी तोच आकडा धरून होतो.

लीलाबाईंनी मान हलवली.

"ते तर आठ म्हणायचे."

मी तिथल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसलो. आठच असणार. त्याचं मोजणं चालू होतं, माझं घड्याळ बंद होतं.